छान झालं हं!

नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला काय सांगावं, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी अर्धवट सोडलेला आहे. खरं बोलावं, गोड बोलावं, कडू असेल तर खरंही बोलू नये आणि गोड असलं तरी खोटं बोलू नये, इथपर्यंत मनूनं सांगून ठेवलंय. म्हणजे हिशेबानं उरतं ते गप्प बसणं. पण चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता एखादा म्हातारा नट आरशातून आशेनं आपल्याकडे बघत "कसं झालं?" म्हणून विचारतो, तेव्हा गप्प बसण्याइतकं क्रूर परीक्षण दुसरं नाही. मनूला बहुधा कधी नाटकाचा फुकट पास मिळाला नसावा.

मला मिळाला होता.

गोष्ट १९७८ सालची. आमच्या गल्लीत एक नटवर्य राहत. नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हांला आठवायचं नाही, आणि तेच तर त्यांचं दुखणं होतं. एके काळी 'एकच प्याला'मधला त्यांचा सुधाकर बघायला लोक म्हणे बैलगाड्या जुंपून येत. 'म्हणे' अशासाठी, की ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळालेली. पुढे कंपनी बुडाली आणि तोंडाला रंग लागून वीसेक वर्षं झाली. तरी रंगभूमी अंगातून गेली नव्हती. मंडईत "वांगी कशी दिली?" हे वाक्य ते पिटातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं टाकत. वांगीवाली दचकून दहा पैसे कमी करी.

तर या नटवर्यांनी चौसष्टाव्या वर्षी पुन्हा सुधाकर करायचं ठरवलं. गडकऱ्यांचा सुधाकर हा तरणाबांड वकील. सिंधू म्हणून मिळाली ती शाळेतली मास्तरीण, वय सव्वीस. जाहिरातीतला दोघांचा फोटो बघून आमची ही म्हणाली, "बापलेकीचं नाटक आहे का हो?" मी तिला दटावलं. पण मलाही हसू आलंच होतं.

आता यात हसण्यासारखं काय, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. नाटक म्हणजे तिकीट काढून विकत घेतलेलं खोटंच की! बालगंधर्व १९११ साली 'मानापमाना'त भामिनी झाले, तेव्हा बावीस वर्षांचा पुरुष बाई झाला याचं कुणालाही काही वाटलं नाही. उलट बायकाच त्यांच्याकडे बघून नेसायला शिकल्या. तेच बालगंधर्व १९३७ साली, पन्नाशीला टेकल्यावर, बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई' या बोलपटात मीरा झाले, तर बोलपट चालला नाही. (कारणं इतरही असतील, मी फक्त माझ्या सोयीचं सांगतोय.) मग ते पुन्हा रंगभूमीवर गात राहिले, साठी उलटली तरी. आमचे वडील ते प्रयोग डोळे मिटून बघत. डोळे मिटले की १९१६ सालची रुक्मिणी दिसे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पुरुषानं बाई होणं आपल्याला चालतं, म्हाताऱ्यानं तरुण होणं चालत नाही. उलटं मात्र चालतं. १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं तेव्हा डॉक्टर लागू होते त्रेचाळीस वर्षांचे, आणि त्यांच्या त्या म्हातारपणावर अख्ख्या महाराष्ट्रानं रुमाल ओले केले. तरुणानं म्हातारा केला की कला, म्हाताऱ्यानं तरुण केला की हट्ट! आणि 'नटानं वेळेवर निवृत्त व्हावं' असं सांगणाऱ्यांना मी त्या बेलवलकरांचंच उदाहरण देतो. सत्कार घेऊन अगदी रीतसर, वेळेवर निवृत्त झाले होते. पुढे त्यांचं काय झालं ते आपण बघितलंच आहे.

असो. प्रयोग झाला. पहिल्या अंकात सुधाकर शुद्धीवर असतो, ही नटवर्यांची मोठीच अडचण. त्यांना वाक्यं आठवेनात. प्रॉम्प्टरचा आवाज इतका खणखणीत, की काही वेळानं लोकांनी त्यालाच हंशा द्यायला सुरुवात केली. तळीरामानं तो पहिला प्याला पुढे केला, तेव्हा आम्हां सगळ्यांनाच हायसं वाटलं. कारण दारुड्याला वाक्य आठवलं नाही तरी चालतं, गुडघेदुखीनं झोक गेला तरी चालतं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर म्हणाले, "काय दारुडा उभा केलाय!" मी म्हटलं, तो वाकलेला आहे, उभा कुठला? आणि घड्याळ बघितलं.

पण पास फुकट, त्यामुळे रंगपटात जाणं आलं. आरशातून त्यांनी विचारलं, "कसं झालं?" आणि मी म्हणालो, "छान झालं हं! अगदी पूर्वीसारखं." पूर्वीचं मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

एवढ्यावर भागतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आपण रोज असली 'छान'ं वाटत फिरत असतो. कुणाची भरली वांगी, कुणाच्या मुलीचं पेटीवादन, कुणाचा कवितासंग्रह. कुणाचं काही बिघडत नाही, अशी आपली समजूत. पण पंधरा दिवसांनी नटवर्यांनी जिल्ह्याच्या गावचं थिएटर ठरवल्याची बातमी आली. भेटेल त्याला ते सांगत होते, "ह्यांनी सांगितलं, अगदी पूर्वीसारखं झालं." 'ह्यांनी' म्हणजे मी! आणि त्याच संध्याकाळी ही हळदीकुंकवाहून आली ती गंभीर होऊन. म्हणाली, "काकूंच्या हातांत पाटल्या नाहीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'छान' हा शब्द किती तोळ्यांचा असतो, हे मला प्रथमच कळत होतं. मी हिला विचारलं, "जाऊन खरं सांगून टाकू का?" ही म्हणाली, "तेव्हा गोड वाटावं म्हणून खोटं बोललात, आता स्वतःला झोप यावी म्हणून खरं बोलणार." बायकांशी नीतिशास्त्र बोलू नये.

तरी गेलोच. चहा झाला, हवापाणी झालं, आणि मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे म्हणालो ना..."

"ते खोटं होतं," नटवर्य शांतपणे म्हणाले. "छान म्हणताना तुम्ही माझ्या कानाकडे बघत होतात. अहो, सारा जन्म या धंद्यात गेला. दुसऱ्याचा वाईट अभिनय मला ओळखता येणार नाही होय?"

"मग गावभर सांगता कशाला?"

"दुसरं परीक्षण आलंच नाही!"

"आणि काकूंच्या पाटल्या...?"

यावर काकूच आतून आल्या. "त्या मीच दिल्या. घरात हे रात्री दोन-दोन वाजता सुधाकर करतात, तो मला एकटीला बघावा लागतो. थिएटरात निदान शंभर माणसं वाटून घेतील." त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण रिकाम्या मनगटावर दुसरा हात ठेवूनच उभ्या होत्या. मला पुढे काही बोलवलं नाही.

दुसऱ्या प्रयोगाला मी तिकीट काढून गेलो. थिएटर निम्मंही भरलेलं नव्हतं. पहिला अंक पडला. पण या खेपेला मी घड्याळ बघत नव्हतो, म्हणून एक गोष्ट दिसली. पहिल्या अंकभर त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. हात थरथरतो, तो लपवलेला. प्यायला लागल्यावर त्यांनी तो बाहेर काढला आणि थरथरू दिला. आधी थोडा, मग जास्त. शेवटच्या अंकात तर त्या हाताकडे ते स्वतःच असे बघत राहिले, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. वाक्य आठवत नव्हतं म्हणून बघत होते की बघायचंच होतं, मला सांगता येणार नाही. प्रॉम्प्टरही गप्प राहिला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी रंगपटात गेलो. आरशातून प्रश्न आला, "कसं झालं?"

"पहिला अंक पडला," मी म्हणालो.

टॉवेल थांबला. "आणि पुढचे?"

पुढचे खरोखरच छान झाले होते. पण तो शब्द मी मागच्या वेळी खर्च करून बसलो होतो आणि खिशात दुसरा नव्हता. शेवटी आरशातच त्यांच्या थेट डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "छान झाले."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग कानामागचा रंग पुसत म्हणाले, "सुधारलात हं. आता कुठे जमायला लागलंय तुम्हांला."