नाळ, मीठ आणि बाळंते

(वाचन : यहेज्केल १६:१-१४, लूक २:१-७)



यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायावर उपासनेत क्वचितच प्रवचन होते. त्याचा उत्तरार्ध इतका परखड आहे की, उपदेशक त्याला वळसा घालून पुढे जातात. आरंभीची वचने मात्र बाळंतिणीच्या खोलीतली आहेत. तेथे यरुशलेम ही एक नवजात मुलगी आहे. जन्मदिनी तिची नाळ कोणी कापली नाही, तिला पाण्याने धुतले नाही, मीठ चोळले नाही, बाळंत्यात गुंडाळले नाही. तिला उघड्या शेतात टाकून दिले.

भाषांतर करताना या वचनापाशी मी बरेच दिवस अडलो होतो. धुण्याचा हेतू सांगणारा मूळ इब्री शब्द पवित्र शास्त्रात दुसरीकडे कोठेही येत नाही; त्याचा अर्थ बव्हंशी संदर्भावरूनच घ्यावा लागतो. मीठ आणि बाळंते यांची क्रियापदे मात्र दुहेरी आहेत. मीठ मुळीच नाही, गुंडाळणे मुळीच नाही, असा त्यांतला जोर आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे गुंडाळण्यासाठी जे क्रियापद आहे, तेच लूकाने बेथलेहेमच्या बाळासाठी योजले. यरुशलेम ज्या सेवेला पारखी झाली, ती देवाच्या पुत्राला एका दमलेल्या आईच्या हातून गव्हाणीपाशी मिळाली.

मिठाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण शास्त्रात आहे म्हणून ते करून पाहणारा एखादा भाविक निघायचा. वचनात त्या काळच्या मायेची रीत आली आहे, आपल्यासाठी आज्ञा नव्हे. बाळाच्या कोवळ्या त्वचेतून मीठ रक्तात उतरले तर जिवावर बेतते. आपल्याही काही रीती अशाच मायेने, पण अज्ञानाने चालत आल्या आहेत : जन्मताच घाईची अंघोळ, नाळेवर हळद किंवा राख, कानात तेल, डोळ्यांत काजळ, कोंदट खोलीत धुरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी. बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे आणि पहिल्या तासातच अंगावर पाजावे. अंगावरचा पांढरा चिकट थर घासून काढू नये. तो त्याचे रक्षण करतो. नाळ कोरडी ठेवावी, आपोआप गळू द्यावी. पुढे न्हाऊ घालताना वारा अडवावा, पाणी कोमट असावे, काम थोडक्यात उरकावे; मानेच्या व काखेच्या घड्या टिपून घ्याव्यात, लगेच टोपडे घालावे. बाळ वजनाने फार कमी असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत अंघोळ नकोच.

एवढ्याशा गोष्टींनी काय होते, असे कोणी म्हणेल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकवले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभर आशाताई त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या दारी जातात.

आता पुन्हा त्या शेतात चला. देव तेथून जातो, रक्तात लोळणारी ती मुलगी पाहतो आणि तिला जगण्याची आज्ञा करतो. पुढे तोच तिला पाण्याने धुतो, रक्त काढतो, तेल लावतो. हे स्नान ती मोठी झाल्यावरचे आहे. आजच्या वैद्यकीय सल्ल्याशी ते ओढूनताणून जुळवू नये. पण क्रम पाहा. ती शुद्ध झाली म्हणून त्याने तिला जगवले नाही. तिला जीवन मिळाले तेव्हा तिच्या अंगावर रक्त होते. आणि सैन्यांचा परमेश्वर येथे न्हाऊ घालणाऱ्या बाईचे काम करतो!

मी अडलो होतो तो केवळ त्या इब्री शब्दामुळे नव्हे. १९९८ साली आमच्या घरी दुसरी मुलगी जन्मली. पुन्हा मुलगीच, हे कळल्यावर पेढ्यांचे नाव कोणी काढले नाही. बाळाच्या अंघोळीला पाणी तापवायलाही कोणी उठेना. मी शब्दकोश उघडून बसलो होतो. शेवटी शेजारच्या मावशींनी येऊन बंब पेटवला. आठवडाभर मी त्या बाळाला हातात घेतले नाही. आम्ही तिला शेतात टाकले नव्हते, एवढेच. पुष्कळ वर्षांनी हा अध्याय भाषांतरासाठी माझ्यापुढे आला, तेव्हा त्या चार नकारांत मला आमचे घर दिसले. मुलीजवळ मी ते बोललो. ती म्हणाली, "बाबा, आईनं मला कधीच सांगितलं होतं."

गेल्या वर्षी तिलाही मुलगी झाली. इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्या अंघोळीचा दिवस ठरला. तेल, दुपटे, टोपडे तिच्या आईने मांडून ठेवले. पाणी मी तापवले आणि कोपर बुडवून पाहिले. जरा कढतच वाटले. थोडे विसण घातले.