शून्य रुपयांचं तिकीट

जळगाव–धुळे गाडीवर कंडक्टर म्हणून माझी नोकरी झाली. बांभोरी, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, की धुळे आलंच. ही नोकरी मी आवडीने धरली नव्हती. शेत कोरडवाहू, घरात खाणारी तोंडं जास्त, आणि खाकी कपडे घातले की महिन्याचा पगार पक्का. आमच्या वयाच्या बऱ्याच पोरांनी नोकऱ्या अशाच धरल्या. म्हणून 'आवडीचं काम शोधा, मग आयुष्याला अर्थ येईल' हा हल्लीचा उपदेश कानावर आला की हसू येतं. ज्याच्या हाती निवडणंच नव्हतं, त्याने काय करायचं?

मला पटलेलं उत्तर आमच्या शेवटच्या स्टॉपच्याच गावात, तेही तुरुंगात दिलं गेलं. 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये गीतेच्या अठरा अध्यायांवर बोलले. समोर सत्याग्रही कैदी, त्यांत जमनालाल बजाज. बोलणं उतरवून घेत होते साने गुरुजी. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचंही तिथलं काम आवडीचं नव्हतं, वाट्याला येईल ते करायचं. असल्या माणसांपुढे कर्मयोग सांगायचा म्हणजे पोकळ शब्द चालणार नाहीत.

चौथ्या अध्यायात विनोबा म्हणतात ते माझ्या भाषेत असं: हातांनी होतं ते कर्म. त्याच वेळी मन त्यात उतरतं ते विकर्म. दोन्ही जुळली की कामाचं ओझं वाटेनासं होतं, ते अकर्म. जुने भाष्यकार विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म मानत. शास्त्री मंडळींना विनोबांचा अर्थ चालो न चालो, आमच्या गाडीत चालतो. कसा ते सांगतो.

ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. पैसे घ्यायचे नाहीत, पण तिकीट द्यावंच लागतं. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. पुढे मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट आलं आणि गाड्या भरून वाहू लागल्या. पाय ठेवायला जागा नाही, वर भरताच्या वांग्यांची पोती मधल्या वाटेत. अशा वेळी 'फुकटात जायचं नि वर सीट पाहिजे' असं बोलणारे आमच्यातलेच मी ऐकलेत.

पारोळ्याला एक म्हातारबाबा नेहमी चढत. धोतर, टोपी, हातात दवाखान्याची पिशवी. मी ते शून्याचं तिकीट इतरांसारखंच फाडून त्यांच्या हातात द्यायचो, "बाबा, धुळं. जपून ठेवा," म्हणायचो. ते तिकिटाची घडी घालून टोपीत खोचत. पैसे देऊन काढलेलं तिकीट लोक हातात चुरगाळतात. हे मात्र उतरेपर्यंत जागचं हलत नसे. विनोबांनी त्याच अध्यायात रुक्मिणीच्या तुळशीपानाची गोष्ट सांगितली आहे. कृष्णाला तोलायला दागिन्यांचे ढीग कमी पडले, एक पान पुरलं. कागद तोच, मशीन तेच. बाबांनी 'फुकट्या' व्हायचं की प्रवासी, हे मात्र माझ्या हात पुढे करण्यावर होतं.

ड्रायव्हरशी नातं याहून अवघड. ड्रायव्हरचं लक्ष घड्याळावर, कंडक्टरचं तिकिटांवर आणि मागून पळत येणाऱ्या माणसावर. दिवसभर एका गाडीत, पण बोलणं सगळं दोरीच्या घंटीवर: एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. एक नाना माझ्याबरोबर बरीच वर्षं होते. ते म्हणत, "तू रागात असला ना, तर तुझी डबल बेल मला पाठीत लागते." बेल त्याच दोन, पण त्यांना माझा मूड कळायचा. मग मी दोरी ओढायला लागलो ती आधी चिडचिड खाली ठेवून. पारोळ्याला चहाचा कप त्यांच्या खिडकीशी नेऊन द्यायचा, रात्री मी वे-बिल, म्हणजे दिवसाचा हिशोब, लिहिताना ते शेजारी बसून राहायचे. यात अध्यात्म कितीसं? माझ्या मते सगळं अध्यात्म एवढंच आहे, बाकी कीर्तनकाराची बिदागी.

इथे कुणी तरुण कंडक्टर मला अडवेल आणि ते बरोबरच आहे. "भाऊ, मन ओतायचं आणि पगार उशिरा आला तर गप्प बसायचं, असंच ना?" नाही. ती प्रवचनं ऐकणारी माणसं सरकारचा कायदा मोडून तुरुंगात आली होती. मन लावून काम करणं आणि मान तुकवणं या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत, आपणही मानू नयेत. ओव्हरटाइमचे पैसे मागायचेच, रात्री मुक्कामाला धड खोली मागायची. विकर्म साहेबाच्या सोयीसाठी नाही. साहेबच जेव्हा 'निष्काम कर्म' सांगू लागतो तेव्हा खिसा तपासावा.

त्या प्रवचनांचं 'गीता प्रवचने' हे पुस्तक सहज मिळतं, महागही नाही. चौथा अध्याय सुटीच्या दिवशी घरी लोळत वाचू नका. ड्युटीवर निघण्याआधी वाचा आणि त्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकावर, पहिल्या प्रवाशावर करून बघा.