अनुभवाची रोजकीर्द

तंबाखूच्या व्यापारावर वाढलेल्या निपाणीसारख्या पेठेत जुन्या वहीखात्याची एक शिस्त होती. दिवसभराचा जमाखर्च संध्याकाळी रोजकीर्दीत उतरायचा, शिल्लक जुळली की वही मिटायची. पुढे तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढायची. ‘आज फार काम होते, महिनाअखेरीस बघू’ हे कुणी ऐकून घेतले नसते, कारण हिशोब हा धंद्याचाच भाग होता.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पैशाचा हिशोब आज संगणकावर तितकाच चोख असतो. अनुभवाची कीर्द मात्र कोऱ्या पानांचीच राहते.

तिथल्या फौंड्रीत नवा जॉब येतो तेव्हा काय होते? ड्रॉइंग येते, पॅटर्न बनतो, नमुना ओततात. समजा, पहिल्या नमुन्यात जाड भागात पोकळी निघाली. मिस्त्री रायझर, म्हणजे आटणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा, मोठा करतो. दुसऱ्यात वायूची छिद्रे दिसली. तो वाळूचा ओलावा कमी करतो, कोअरला, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्याला, हवा जायला वाट देतो. तिसरा नमुना पास होतो आणि फाइलवर ‘मंजूर’ असा शिक्का बसतो. पहिले दोन नमुने भंगारात जाऊन पुन्हा वितळतात, आणि त्यांनी जे शिकवले तेही त्यांच्यासोबत भट्टीत जाते. दोन वर्षांनी तसाच जॉब येतो, तोवर मिस्त्री कोल्हापूरला शिरोलीत रुजू झालेला असतो. मग पुन्हा पोकळी, पुन्हा छिद्रे. एकाच धड्याची फी आपण दोनदा भरतो.

यावर कागदी उपाय नाहीत असे नाही. आयएसओ ९००१च्या २०१५च्या आवृत्तीने संस्थेजवळचे ज्ञान जपणे ही अटच घातली. पण जिथे ती अट केवळ ऑडिटसाठी पाळली जाते, तिथे आदल्या रात्री फाइल सजते आणि ऑडिटर गेला की कपाटात जाते. हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेच्या नासाने मागच्या मोहिमांतले धडे साठवण्याची मोठी व्यवस्था उभारली होती. २०१२ मध्ये तिथल्याच महानिरीक्षक कार्यालयाने ती तपासली, तेव्हा प्रकल्पप्रमुख तिच्याकडे क्वचितच वळतात असे आढळले. कोठार होते, पण रोजच्या कामाच्या वाटेवर नव्हते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमबोक या प्रमाणग्रंथाने २०१७च्या आवृत्तीत मात्र ज्ञानाची निगा ही प्रकल्प चालू असतानाची स्वतंत्र प्रक्रिया मानली आणि धड्यांची नोंदवही सुरुवातीपासून भरत जाण्यास सांगितले. आपल्या भाषेत सांगायचे तर, ज्ञानाचीही कीर्द रोज लिहा.

उद्यमबागेत ती कुठे लिहायची? रिजेक्शनच्या ढिगाजवळ. पाळी बदलताना दहा मिनिटे सुपरवायझर, मिस्त्री आणि पॅटर्नवाला तिथे उभे राहिले, तर तीन ओळी पुरतात: काय बिघडले, काय बदलले, काय झाले. महिन्याकाठी त्या ओळी दोषवार लावल्या की खतावणी तयार. आणि नवे ड्रॉइंग आले की ती उघडल्याशिवाय पॅटर्नचे काम सुरू करायचे नाही. लिहिण्याइतकाच हा दुसरा नियम महत्त्वाचा, कारण न उघडली जाणारी खतावणी म्हणजे रद्दी.

इथे सीमाभागाची एक अडचण आहे. शॉपवर बोलणे मराठीत आणि कानडीत, पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्ही; नोंद मात्र इंग्रजीत. ‘वाळू आज हाताला जड लागते’ हे निरीक्षण इंग्रजी रकान्यात ‘ओके’ होऊन बसते. भाषेवरून इतकी वर्षे भांडणाऱ्या या गावाने कारखान्यातल्या कामगाराला त्याच्या भाषेत लिहू द्यायला हरकत नसावी. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलू द्यावे.

खरा आक्षेप वेगळाच आहे. मिस्त्रीने आपली विद्या का द्यावी? तीच त्याची पुंजी. मालकाने ती वहीत उतरवून घेतली आणि उद्या त्यालाच घरी बसवले तर? ही शंका खोटी नाही. म्हणून नोंदीवर सांगणाऱ्याचे नाव हवे, वाचलेल्या मालाचा वाटा त्याच्या पगारात दिसायला हवा. शिवाय सगळे लिहून संपतही नाही. वाळूची मूठ दाबून ओलावा ओळखणे, धातूचा रंग पाहून तो ओतायला आला की नाही हे ठरवणे, या गोष्टी हातातून हातातच जातात. माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, हे मायकेल पोलान्यी यांचे म्हणणे फौंड्रीत रोज पटते. तिथे वही अपुरी पडते. मिस्त्रीशेजारी शिकाऊ पोरगा उभा करावा लागतो, आणि त्या पोराचा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरावा लागतो.

दहा मिनिटे परवडत नाहीत असे म्हणणाऱ्या मालकाने एकदाच करून पाहावे. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा झालेल्या त्याच चुकांचा माल वजनकाट्यावर घालावा. तो आकडा त्याच्या रोजकीर्दीत आधीपासूनच आहे, फक्त भंगाराच्या खात्यावर चढलेला आहे.