गोणाईचे गाऱ्हाणे

घरातील वृद्ध माउली निवर्तली, की तिने कधी काही मागितले नाही, असे आपण सांगू लागतो. आमच्या आजीविषयी आम्हीही तेच बोलून गेलो. मग प्रश्न पडला, जिने काही मागितलेच नाही, ती बाई होती तरी कोण?

अशा वेळी गोणाई आठवते. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मगाव मानतात, त्या संत नामदेवांची (१२७०-१३५०) ही आई. नामदेवांसह कुटुंबाने पंढरपुरी महाद्वारात समाधी घेतली, असे परंपरा सांगते. ते मानले तर तेव्हा गोणाई शंभरीला टेकली असणार. पण गाथेतील गोणाई शांतपणे आशीर्वाद देणारी म्हातारी नव्हे. घरचा शिंप्याचा धंदा सोडून देवळात रमणाऱ्या मुलावर ती चिडते, प्रपंच कोणी चालवावा म्हणून विचारते, प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडून आपला नामा परत मागते. वारकऱ्यांनी हे भांडण शतकानुशतके जपले; देवाची अप्रतिष्ठा होईल म्हणून गाळले नाही.

आमच्या आजीला शाळेत घातले नव्हते. हे ती अखेरपर्यंत, आणि खरे सांगायचे तर फार वेळा, बोलून दाखवी. पहिल्या स्मृतिदिनी आम्ही ते सर्वांसमक्ष सांगितले. थोरल्या काकांना रुचले नाही.