हंस बोलतोय, पण ही ऐकत कुठे आहे?

चित्र भिंतीला टेकव आणि मागे हो. आणखी मागे. आता सांग, ही दमयंती काय करते आहे? फोटो काढून घ्यायला उभी आहे! अरे, नळाला तिनं अजून पाहिलेलंसुद्धा नाही. हंस त्याचं वर्णन करतोय आणि ऐकता ऐकता ही त्याची होऊन जाते आहे. रविवर्मांनी १८९९ साली रंगवलं ते हे ऐकणं. तू साडीचे काठ मन लावून काढलेस आणि मान मात्र खांबासारखी ताठ ठेवलीस.

सुरुवात डोळ्यांपासून केलीस ना? खोटं बोलू नकोस, दिसतंय. लालबागचा पोरगा तू, मूर्तिशाळांच्या शेजारी वाढलास. तिथं डोळ्यांची आखणी कधी होते? अंग घडून रंग बसल्यावर, अगदी शेवटी. आणि तू कोऱ्या कॅनव्हासवर पापण्या कोरत बसलास! मग त्या पापण्या जपायच्या म्हणून गालावरची छाया टाकताना हात आखडला.

साडीकडे ये. खालच्या थरात जवसाचं तेल ओतलंस आणि वर टर्पेंटाइनमध्ये कालवलेला लाल. खाली ओलं, वर सुकलेलं. उद्या हे तडकणार. खाली पातळ, वर तेलकट, हे वहीत लिहून घेतलंस तेव्हा काय झोपला होतास? तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, आपल्या पावसाळ्यात जास्तच. हेअर ड्रायर फिरवून वर नुसता पापुद्रा धरवलास.

आणि चेहरा खडूसारखा का झाला? प्रत्येक रंगात टायटॅनियम व्हाइट कोंबलंस. रविवर्मा १९०६ साली गेले. हा पांढरा त्यानंतर बाजारात आला. वापर, माझी ना नाही, पण तो थंड आणि जबर असतो, चिमूटभर घ्यायचा. शिवाय समोर ठेवलंस काय, तर जुन्या ओलिओग्राफचा मोबाइलवरचा फोटो! गिरगावात १८९४ साली निघालेल्या त्यांच्या छापखान्यानं ही चित्रं घराघरांत नेली, ते काम मोठंच. पण दगडावरून एकेक रंग छापलेल्या चित्रात ब्रशचा मार्ग कुठून सापडणार? पिवळ्या पडलेल्या कागदाचा रंग तू तिच्या कातडीला दिलास.

‘नक्कलच तर आहे’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. पुराणकथा रंगवणारा फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह मोरो स्वतः इटलीत जाऊन जुन्या चित्रकार कार्पाच्चोच्या चित्रांच्या नकला करत बसला होता. पुढे तो विद्यार्थ्यांनाही लूव्रमध्ये त्याच कामाला धाडायचा. चित्रकार मातीस त्या विद्यार्थ्यांतलाच. रविवर्मांना तर परदेशी चित्रकार जेन्सन शिकवायलाही तयार नव्हता, काम करताना बघू दिलं तेवढंच. त्या बघण्यावर ते तैलरंग शिकले. तुला मी शिकवतोय, आणि तू बघतही नाहीस. हात आहे रे तुझ्याकडे! हंसाच्या पंखातला तो राखाडी कुणी सांगितला नव्हता, तो तू शोधलास. म्हणून तर इतका संतापलोय.

पॅलेट नाईफ घे आणि चेहरा खरवडून काढ. आत्ता, माझ्यासमोर. सोमवारी नवा कॅनव्हास आण. नुसत्या बर्न्ट अंबरमध्ये, टर्पेंटाइननं पातळ करून, मान, खांदा आणि हंस, एवढंच मांडायचं. ते मी पाहीपर्यंत लाल रंगाची ट्यूब उघडायची नाही.