संमती कोणाची?

वाचकहो, जन्मतः मिळालेला हक्क बजावण्यासाठी माणसाला दुसऱ्याची संमती लागते काय? आपण म्हणाल, मुळीच नाही. मग स्त्रीच्या बाबतीत ती का लागते?

18 डिसेंबर 1979 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा सर्व भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला. भारताने 1980 साली त्यावर सही केली व 9 जुलै 1993 रोजी तो स्वीकारला. मात्र रूढी बदलण्याच्या आणि विवाह-कुटुंबातील समतेच्या कलमांबाबत सरकारने नोंदवून ठेवले की, कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय त्याच्या खाजगी बाबींत आम्ही हस्तक्षेप करणार नाही.

हा 'समाज' म्हणजे कोण? चावडीवर बसणारे पुरुषच ना? याच समाजाच्या संमतीसाठी हिंदू कोड बिल अडले आणि 1951 साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळायला महाराष्ट्रात 1994 साल उजाडले, तर साऱ्या देशात 2005.

करार स्वीकारला त्याच वर्षी, 30 सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने घरांच्या दुरुस्तीचे व बळकटीकरणाचे काम निघाले. त्यात लातूर-उस्मानाबादच्या गावांतील स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या व घर भक्कम कसे करावे हे गावाला समजावू लागल्या. पैसा बाहेरचा होता, पण काम गावच्या बायांचे. बाहेरच्या प्रयत्नाला फळ येते ते असे.

परंतु त्या घराखालच्या जमिनीचे काय? नांदेडला जा की लातूरला, बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देताना दिसेल. "तिने राजीखुशीने सोडले," असे भाऊ सांगतो. माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही राजीखुशीची कशी? हक्क देताना साऱ्या समाजाची संमती हवी, आणि काढून घेताना मात्र तिची एक सही पुरे, हा कोठला न्याय?

इतरांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. 1956 चा वारसा कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. सरकार ज्या समाजाच्या पुढाकाराची वाट पाहते, तो समाज म्हणजे आपणच. न्यूयॉर्क दूर आहे. तलाठी जवळ आहे. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव चढवा, आणि ते उतरवण्याचा कागद तिच्यापुढे कधीही ठेवू नका.