मधले एक वर्ष

बारावीचा निकाल लागून पंधरवडा उलटला होता. असरच्या नमाजनंतर जमाअत पांगली, तरी एक तरुण सफेवरून उठला नाही. गुण चांगले होते, महाविद्यालयातील प्रवेशही अवघड नव्हता. परंतु त्याला एक वर्ष थांबायचे होते. शारजात त्याच्या मामांचे दुकान आहे. वर्षभर तेथे राहावे, जग पाहावे, चार पैसे गाठीला बांधावेत आणि मग पदवीच्या अभ्यासाला लागावे, असा त्याचा बेत होता. वडील ऊस आणि कांदा पिकवणारे. त्यांचे म्हणणे एवढेच की, एकदा सुटलेले पोर पुन्हा पुस्तकाकडे वळत नाही. "मौलाना, असे जाणे जायज आहे का?" त्याने विचारले.

वाचकहो, एका शब्दात उत्तर देऊन मला मोकळे होता आले असते. हलाल उपजीविकेसाठी किंवा ज्ञानासाठी केलेला प्रवास मुबाह आहे. कुरआनने तर पृथ्वीवर फिरून सृष्टीचा आरंभ कसा झाला हे पाहण्यास सांगितले आहे. पण मुबाह हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. फर्ज आणि हराम यांचा निर्णय अल्लाहने करून ठेवला आहे. मुबाहचा निर्णय त्याने आपल्यावर सोपवला आहे, म्हणून त्याचा हिशेबही आपल्याच माथी आहे. तिरमिजीतील एका हदीसचा आशय असा की, कयामतच्या दिवशी माणसाला त्याचे आयुष्य कशात गेले हे विचारले जाईल आणि तारुण्य कशात घालवले हे पुन्हा वेगळे विचारले जाईल. तारुण्य आयुष्यातच येते, तरी त्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. अठराव्या वर्षीचे एक वर्ष म्हणजे कोणतेही एक वर्ष नव्हे.

आपल्या गावच्या शेतकऱ्याला रिकाम्या रानाचे दोन प्रकार चांगले ठाऊक आहेत. एक पडीक रान, ज्यात तण माजते. दुसरे उन्हाळ्यात खोल नांगरून तापत ठेवलेले रान. लांबून पाहणाऱ्याला दोन्हींत पीक दिसत नाही, पण दुसऱ्यात ऊन आपले काम करीत असते. याच पुणतांब्याने १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू केला, दूध आणि भाजीपाला बाजारात नेणे थांबवले. ते थांबणे आळसाचे नव्हते, कारण त्यामागे मागणी होती: कर्जमाफीची आणि रास्त भावाची. संपाने काय मिळाले, काय राहिले, यावर गावात आजही दोन मते आहेत. तो वाद येथे नको. मी त्या मुलाला इतकेच विचारले, "तुझ्या थांबण्याची मागणी काय आहे?" तो म्हणाला, "अनुभव." मी म्हणालो, कशाचा? त्याला सांगता आले नाही. ज्या नीयतीला नाव देता येत नाही, ती बहुधा नीयत नसते, इच्छा असते. आणि हदीस कर्माचा निवाडा नीयतीवर सांगते.

या प्रश्नावर मला वारंवार हजरत मूसा (अ.) यांची आठवण होते. सूरह कससमध्ये त्यांचा वृत्तांत आला आहे. मिसरमधून जीव वाचवून ते मदयनला पोहोचले, तेव्हा हाती काहीच नव्हते. पाणवठ्यावर दोन मुली आपली जनावरे घेऊन बाजूला थांबलेल्या दिसल्या. मूसांनी आधी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि मग सावलीत बसून आपल्या रब्बकडे हात पसरले. परमुलुखात त्यांनी केलेले पहिले काम परोपकाराचे होते, ओळख काढण्याचे नव्हे. पुढे त्या मुलींच्या वडिलांनी कामाची बोली केली: आठ वर्षे चाकरी, दहा पूर्ण केलीस तर तुझी मर्जी. मुदत आधी ठरली, अल्लाहला साक्षी ठेवले गेले आणि मगच काम सुरू झाले. राजवाडा आणि नुबुव्वत यांच्या मधला हा काळ मूसांनी परक्या गावात घालवला. तो काळ वाया गेला असे कोण म्हणेल? पण त्याची तयारी लक्षात घ्या: करार स्पष्ट होता आणि कोणाचीही फसवणूक नव्हती.

आमच्या तरुणाच्या बेतात नेमकी येथेच अडचण होती. मामांनी त्याला भेटीच्या व्हिसावर बोलावले होते. "दुकानात मदत करायची, एवढेच. सगळेच करतात, मामू म्हणतात." भेटीच्या व्हिसावर काम करण्यास तेथील कायद्याने मनाई आहे. व्हिसा घेणारा त्या देशाला वचन देत असतो. करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे आणि ती समोरचा पक्ष पाहून बदलत नाही. मामा भले गृहस्थ आहेत, मी त्यांना ओळखतो. त्यांच्या मनात भाच्याचे हितच आहे. पण पहिल्याच वर्षी कमाईची सुरुवात लपवाछपवीने झाली, तर मुलगा परदेशातून नेमके काय शिकून येईल? रीतसर कामाचा व्हिसा मिळत असेल तर जावे. नाही तर पाहुणा म्हणून जावे, पाहुण्यासारखे राहावे आणि मुदत संपताच परत यावे.

दुसरी गोष्ट फिकहची आहे. तरुणांना वाटते, बाहेर गेलो की आपण मुसाफिर, सवलतीत. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक राहण्याची नीयत केली की माणूस मुकीम होतो. नमाज पूर्ण पढावी लागते. फुकहांनी हा नियम नमाजसाठी सांगितला, तरी त्यातून मला आणखी काही ऐकू येते. वर्षभर जिथे राहशील तिथला तू रहिवासी आहेस. शेजाऱ्याचा हक्क तेथेही आहे, मजुराच्या घामाचा हक्क आहे, नजरेचा पडदा आहे. ‘इथे आपल्याला कोण ओळखतो’ ही भावना मुसाफिराची असेल, मुकीमाची नव्हे.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट मनाला टोचते. असा प्रश्न घेऊन माझ्याकडे आजवर मुलगेच आले. १९०६ साली अतिया फैजी मुंबईहून लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी गेल्या. त्यांची बहीण नाजली जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम होती. अभ्यासक्रम पूर्ण न करताच त्या सुमारे वर्षभराने परतल्या. प्रमाणपत्राच्या हिशेबाने ते वर्ष तोट्यात गेले. परंतु तेथून त्यांनी बहिणींना लिहून पाठवलेली रोजनिशी लाहोरच्या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात छापली गेली आणि पुढे तिचे पुस्तक झाले. परदेशी एक वर्ष राहून जे दिसले ते त्यांनी घरी पोहोचवले आणि घरातून ते इतर घरांत गेले. मुलींच्या प्रवासाबाबत शरीअतच्या अटी आहेत, त्या मी सैल करीत नाही. पण अटी सांगण्याची घाई आपल्याला मुलींच्याच वेळी का होते, याचा विचार पालकांनी करावा.

व्यवहाराचेही थोडे बोलतो, कारण तवक्कुलपूर्वी उंट बांधून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहे. पुढल्या वर्षी प्रवेश घेताना मधल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र मागतात; त्यात काय लिहिणार हे आजच ठरवावे आणि वर्षभर तसेच वागावे, म्हणजे तेव्हा खोटे लिहावे लागणार नाही. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घरी ठेवावा. कोणाचे देणे असेल तर ते फेडून निघावे. या मुलाकडे मित्राचे मोबाइलचे बाराशे रुपये बाकी निघाले. परतीची तारीख लिहून वडिलांच्या हाती द्यावी. वडिलांची भीती निराधार नाही, तिला कागदावर उत्तर हवे.

यातील बहुतेक त्याने मान्य केले, व्हिसाचेही. मग मी विचारले, "अम्मी काय म्हणतात?" तो चटईकडे पाहू लागला. अब्बांशी वाद घालण्यात तीन आठवडे गेले होते, अम्मीला कोणी विचारलेच नव्हते. अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. एक मनुष्य हिजरतची बैअत करण्यासाठी प्रेषितांकडे (स.) आला आणि आई-वडिलांना रडत सोडून आलो आहे, असे म्हणाला. प्रेषितांनी (स.) त्याला माघारी धाडले, जसे रडवलेस तसे त्यांना हसव म्हणून. हिजरतसारख्या महान कार्यासाठी आलेल्या माणसाला हे उत्तर मिळाले. शारजाचे दुकान त्यापुढे काय?

मगरिबला अजून वेळ होता. तो उठला, चपला घातल्या आणि स्टेशनच्या रस्त्याने घराकडे निघाला. बाराशे रुपये त्याने दुसऱ्या दिवशी दिले, असे मित्राकडून कळले. मामांकडून कामाच्या व्हिसाचे उत्तर अजून आलेले नाही. अम्मी काय म्हणाल्या, ते त्याने मला सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.